पाठीवरचं फुलपाखरू

४ मार्च

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

'सूनबाई' लिहिलं खरं, पण लिहून झाल्यावर पेन हातात धरून नुसती बसले. तू आणि माझा मुलगा कायद्याने वेगळे झालात त्याला वर्ष उलटून गेलं, म्हणजे आता हे लिहायचं नसतं म्हणे. मग काय लिहायचं असतं ते कोणी सांगत नाही. फोनच केला असता, पण कानातलं यंत्र लावून फोन धरला की शिट्टी वाजते, आणि पलीकडचं माणूस ख्यालीखुशाली विचारतंय की शिव्या देतंय हेच कळत नाही.

तर काम असं, की तू गॅलरीत ठेवून गेलीस त्या लिंबाच्या कुंडीला काहीतरी झालंय. परवा पानांवर पाखरांची शीट दिसली. करडी, मधे पांढरा पट्टा. ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर शीट चालायला लागली! एकीने मान वर करून डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा काही वास सोडला, की मी फडकं तिथेच टाकून आत पळाले. या वयात नखाएवढ्या किड्याने माझी पाचावर धारण बसवली.

अशा पाच आहेत. पानं कुरतडताहेत. झाड तुझं, म्हणून विचारते. फेकू की ठेवू?

बाकी मी बरी आहे. ड्रायक्लीनरच्या दुकानात त्याच खिडकीपाशी बसून रफू करते. चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. मुलगा त्याच्या नव्या जागेतून रविवारी येऊन जातो. तुमचं का फाटलं ते मी तेव्हाही विचारलं नाही, आता तुलाही विचारत नाही. आमच्या धंद्यात कापड कसं फाटलं हे गिऱ्हाईकाला विचारायची पद्धत नाही.

उत्तर पाठव. किड्यांचं.

तुझी (बघ, इथेही तीच पंचाईत),
रफूवाली

१० मार्च

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. अळ्या फेकू नका. त्या फुलपाखराच्या आहेत. मोठ्या झाल्या की हिरव्या होतील. त्यांना लिंबाचीच पानं लागतात, दुसरं काही चालत नाही. झाड ओकंबोकं करतील, पण पालवी परत फुटते.

कुंडी आता माझी नाही. नको असेल तर कोणालाही देऊन टाका, मला विचारायची गरज नाही.

एक विनंती आहे. यापुढे पत्र नाही लिहिलंत तर बरं होईल. रागावून म्हणत नाही. पाकिटावरचं तुमचं अक्षर पाहिलं आणि दिवसभर मला काम सुचेना. एका माणसाच्या पुढच्या दाताला मी चुकीची पिवळी छटा दिली. दंतवैद्याने तो दात तसाच परत पाठवला. मी या कृत्रिम दातांच्या प्रयोगशाळेत नवीन आहे, मला हे परवडणार नाही.

तब्येतीला जपा.

ता.क. हिरव्या झाल्या का?

१९ मार्च

दातवालीस आशीर्वाद.

'सूनबाई' नको असेल तर हे तरी चालेल ना? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तुझं मात्र त्यावरच भरतंय. आणि वरती 'पत्र लिहू नका' म्हणायचं, खालती प्रश्न विचारायचा, याला काय म्हणतात गं? प्रश्न विचारलास, मी उत्तर देते. त्यात माझा दोष नाही.

हिरव्या झाल्या. पण तुझं पत्र यायच्या आधीच मी हात दाखवून अवलक्षण करून बसले होते. झालं असं, की तुझं झाड बोडकं होताना मला बघवेना. म्हटलं, यांना दुसरीकडे जेवायला घालू. शेजारणीकडून चार झाडांची पानं आणली. अळी खिडकीत उजेडाला धरली आणि तिच्या पाठीशी एकेक पान लावून पाहिलं. जास्वंदीचं पान असं तंतोतंत जुळलं की काय सांगू! आता सबंध आयुष्य ज्या बाईने रंगाला रंग जुळवून काढलं, तिला वाटणारच की जुळलं म्हणजे झालं. पाचही जणींना जास्वंदीवर नेऊन ठेवलं. त्यांनी एका पानाला तोंड लावलं नाही. मला वाटलं, नवीन घर आहे, लाजत असतील. तुझं पत्र आलं तोवर तिघी गेल्या होत्या.

मी रडले, हसू नकोस. उरलेल्या दोघींना धावत लिंबावर आणून सोडलं. एकीला चिमणीने नेलं. राहिली एक.

ती मात्र पुरी हट्टी निघाली. खाऊन खाऊन बोटाएवढी झाली आणि परवा खायची थांबली. सगळी कुंडी पालथी घातली, मग एका काडीवर शेपटीकडून घट्ट चिकटली. आणि मग तिने जे केलं त्यासाठी मी दुकानात उशिरा गेले. तोंडातून धागा काढून तिने स्वतःच्या कमरेभोवती फास घेतला. एकच धागा. काडीच्या या अंगाकडून त्या अंगाकडे मान वळवत पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून नेला आणि मग त्यातून स्वतःच मागे रेलून राहिली, खांबावर काम करणारी माणसं पट्ट्यात रेलतात तशी. माझ्याकडचा सगळ्यात बारीक रेशमी धागा त्याच्याशेजारी धरला. माझा दोरखंड दिसला.

आता तिचा कोष झालाय. हिरव्या काडीवर हिरवा. मान तिरकी केली की दिसतो, सरळ केली की नाही. असं रफू मला आजवर जमलेलं नाही.

पुढे काय करायचं ते कळव. माझा जीव टांगणीला आहे.

रफूवाली

२७ मार्च

आई,

लिहून गेले. खोडलं असतं, पण खोडलेलं तुम्हाला हमखास वाचता येतं, म्हणून राहू दिलं.

जास्वंदीचं वाचून मी जेवणाच्या सुट्टीत इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, घरून पत्र आलंय का? मी 'हो' म्हणाले. नंतर त्या तिघींचं आठवून वाईट वाटलं.

काही करायचं नाही. फक्त पाणी उडू देऊ नका आणि हात लावू नका. दहा-बारा दिवसांत बाहेर येईल. कोष काळा पडला की समजायचं, उद्या सकाळी.

मी इथे बरी आहे. खोली लहान आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. काम तुमच्यासारखंच. माझ्याकडे दातांच्या सोळा छटांची पट्टी असते, त्यातून माणसाच्या उरलेल्या दातांशी जुळणारी शोधायची. कोणाला कळलं नाही की काम चांगलं. कोणी 'किती सुंदर दात' म्हणालं की आम्ही घाबरतो, कारण कुठेतरी चूक झालेली असते.

तुमच्या पत्रानंतर मी बाहेर पाहायला लागले. आमच्या मागच्या भिंतीला घाणेरीचं रान माजलंय, कोणी कापत नाही. दुपारी तिथे डबा घेऊन बसते. फुलपाखरं इतकी येतात आणि मी इतके महिने त्यांच्याकडे पाठ करून जेवत होते. परवा एक पांढरं माझ्या साच्याच्या प्लॅस्टरने माखलेल्या बोटावर बसलं. दोन श्वास घेईपर्यंत बसलं असेल. नंतर कितीतरी वेळ मी तो हात तसाच धरून ठेवला होता. आई, मला किती दिवसांत कोणी हात लावला नव्हता, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी उरलेल्या मेणात एक कोरायला घेतलं. दाताचं मेण असतं ना, तेच. अंग जमलं, मिश्याही जमल्या. पंख पातळ करायला गेले की मोडतात. सात मोडले. तरी रोज बसते. बऱ्याच दिवसांनी संध्याकाळची वाट पाहते आहे.

बाहेर आलं की लगेच लिहा.

५ एप्रिल

माझ्या पोरी,

आलं!

सकाळी कोष काळा दिसला आणि मी दुकानदाराला निरोप धाडला, अंगात कसकस आहे. खोटं बोलले. स्टूल घेऊन गॅलरीत बसले. आधी कोषाला वरच्या अंगाला चीर गेली, शिवण उसवावी तशी. मग एक ओलं, चुरगळलेलं, केविलवाणं काहीतरी बाहेर आलं. पंख म्हणावेत तर धुऊन पिळलेल्या रुमालासारखे. मला वाटलं झालं, जास्वंदीचं पाप भोवलं, लुळं निघालं बिचारं. मग ते काडीला उलटं लटकलं आणि पंख हळूहळू भरायला लागले. इस्त्री न लावता एकेक सुरकुती गेली गं.

काळं, त्यावर दुधाळ पिवळे ठिपके, आणि मागच्या पंखाच्या कडेला एक लाल डाग, त्याला निळी कोर. मी आधी म्हटलं काळं, पण काळं नव्हेच. भिंगातून पाहिलं. काळ्यावर पिवळ्याची अशी बारीक भुकटी पेरलेली, की एका रिळाने ते कधी होणार नाही. आणि माझ्या खोडीप्रमाणे मी पहिली उलटी बाजू तपासली. कारागीर ओळखायचा तर उलट्या बाजूने. उलटी बाजू सुलटीइतकीच साफ! एक गाठ नाही.

मग ते उडालं. समोरच्या छपरापर्यंत दिसलं. आनंद झाला आणि त्याच क्षणी घर इतकं रिकामं वाटलं, की मी आत येऊन दोन कप काढले आणि एक परत ठेवला. तू असायला हवी होतीस. हे सरळ लिहिते, आडवळणाने लिहायला मला येत नाही.

आता दुसरं. दाराआडच्या कपाटात तुझा निळा लोकरी कोट राहिलाय. मागे पाठीवर बरोबर मधोमध कसर लागून भोक पडलंय. दिसणार नाही असं भरून तुला पाठवून द्यायचं ठरवलं होतं. धागा जुळवला, सुईत ओवला, आणि हात चालेना. जन्मभर मी लोकांची भोकं लपवली. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून 'कुठे होतं हो?' म्हणालं, की तीच माझी पावती. पण त्या सकाळनंतर मला असं काहीतरी करावंसं वाटतंय, की जे बघून वाटेने जाणारं माणूस थांबेल. म्हणून भोकाच्या जागी फुलपाखराचं अंग भरलंय. दोन्हीकडे पंख खडूने काढून ठेवलेत.

कोट पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

तुझी म्हातारी

१२ एप्रिल

आई,

पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर विरलंय. पिळलेल्या रुमालाचं वाचून मी मेणाचे पंख पातळ करणं सोडलं. आधी जाड, चुरगळलेले केले आणि मग गरम पात्याने हळूहळू ताणले. आठवा मोडला नाही! टेबलावर ठेवलाय. आमचे साहेब पाहून म्हणाले, 'याला दात कुठे आहेत?' पण जाताना दोनदा वळून पाहिलं त्यांनी.

यायचं मात्र जमणार नाही. कोण म्हणून येऊ? जिन्यात पहिल्याच मजल्यावर कोणी विचारलं तर काय सांगू? त्या घरातली खुंटी न खुंटी मला माहीत आहे आणि बेल वाजवून बाहेर उभं राहायचं, हे मला जमणार नाही.

आणि एक विचारते, रागावू नका. ही पत्रं त्याच्या सांगण्यावरून तर येत नाहीत ना? मी पुन्हा विचार करावा म्हणून? तसं असेल तर आत्ताच सांगा. मी परत येणार नाही. पण तुमच्या पत्रांची मला सवय लागली आहे, आणि ती अशा कारणासाठी लागली असेल तर मला फार लागेल.

१७ एप्रिल

वेडे,

त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुझी पत्रं मी पिठाच्या डब्याखाली ठेवते, आणि माझ्या मुलाने जन्मात पिठाचा डबा उचललेला नाही. तुम्ही पुन्हा एक व्हावं अशी आस मला पहिले काही महिने होती, खोटं कशाला बोलू. आता नाही. मला तूच हवी आहेस, त्याच्यासाठी नव्हे.

कोण म्हणून येऊ म्हणतेस? गिऱ्हाईक म्हणून ये! दुकान दहा ते सहा उघडं असतं. काउंटरवर कोणी नातं विचारत नाही, पावती विचारतात. तीही तुला माफ. खिडकीपाशी माझ्यासमोर स्टूल आहे, त्यावर बस. मी काम करीन, तू बोल. जरा मोठ्याने बोल एवढंच.

कुंडीला पालवी फुटलीय आणि आज पुन्हा एक फुलपाखरू पानापानाला टेकून गेलं. अंडी घातलीत. टाचणीच्या डोक्याहून लहान, मोत्यासारखी.

एक काम आहे बाई, अंग झालं पण पंख अडलेत. कोट खुंटीला लावून पंख भरले तर ते तिथे छान दिसतात, पण खुंटीला पाठ नसते. माणूस चालतं, हात हलवतं, तेव्हा पाठीवरचं कापड कुठे ओढलं जातं ते पाहिल्याशिवाय पंख हलल्यासारखा दिसणार नाही. म्हणूनही ये.

८ मे

नमस्कार.

मी शनिवारी आले होते. कळवलं नव्हतं, म्हटलं अचानक जाऊन उभी राहीन. सकाळच्या गाडीने आले. मेणाचं फुलपाखरू डब्यात कापूस घालून आणलं होतं.

दुकानासमोरच्या बसथांब्यावर उतरले आणि खिडकीतून तुम्ही दिसलात. तुमच्यासमोरच्या स्टुलावर एक मुलगी पाठमोरी बसली होती. तिच्या अंगात माझा निळा कोट होता. तुम्ही तिच्या पाठीवर टाचण्या लावत होता. ती काहीतरी बोलली आणि तुम्ही तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसलात.

मग तो आला आणि तिला घेऊन गेला. कोट तिने काढून तुमच्या हातात दिला, तो तिच्याकडे पाहत होता. मला एवढं बस झालं.

तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, तो तुमचा प्रश्न. त्याने कोणाशीही लग्न करावं, मला त्याचं काही नाही, खरंच नाही. पण कोट माझा होता. आणि ते स्टूल माझं आहे असं मी धरून चालले होते.

आता खरोखर लिहू नका. यावेळी ता.क. नाही.

१३ मे

माझ्या पोरी,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. वाचू नकोस हवं तर.

तू पाहिलंस ते सगळं खरं आहे. तो तिच्याशी लग्न करतोय. मला मार्चपासून माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, हे कळलं की तुझी पत्रं थांबतील. बघ, थांबलीच की. फरक एवढाच, की मी सांगितलं असतं तर तुला ते बसथांब्यावर उभं राहून पाहावं लागलं नसतं. त्या दिवशी तू इतक्या जवळ होतीस आणि मी मान वर केली नाही, याची चुटपुट मला जन्मभर राहील.

ती मुलगी त्या दिवशी आपणहून मला भेटायला आली होती. पोहायला शिकवते. मला तिचा राग यावा असं फार वाटत होतं, मी प्रयत्न करून पाहिला, येत नाही. तिने टेबलावर कोट पाहिला, 'कोणाचा?' म्हणाली. मी म्हटलं, माझ्या सुनेचा. ती म्हणाली, 'घालून दाखवू का? तुम्हाला पाठ हवीय ना?' मला पाठ हवीच होती. पंखाच्या ध्यासापायी तो कोणाचा कोट आणि कोणाची पाठ याचं भान मला राहिलं नाही. कारागीर माणसाचं हे असं असतं, हातात काम आलं की जीभ आणि अक्कल दोन्ही बाजूला ठेवतात. आणि तिचे पोहून पोहून खांदे एवढे रुंद, की पंख घारीचा दिसायला लागला. त्यालाच मी हसले.

ती गेल्यावर मी तिच्या मापाने लावलेलं सगळं उसवलं. एकूण एक टाका.

नवी सून येतेय, तिला मी घरात घेईन. पण म्हणून जुनी गेली असं कोणी ठरवलं? तुम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्यात. माझी सही त्यावर कोणी घेतली नाही, पोरी. मला कोणी विचारलंच नाही की बाई, तुलाही ही सून सोडायची आहे का?

कोट सोबत पाठवते आहे. येऊन घेऊन जा असा हट्ट आता करत नाही. उजवा पंख आठवणीने भरलाय. तू पोळ्या लाटायला उभी राहायचीस तेव्हा तुझा उजवा खांदा जरा वर यायचा, तो मला पाठ आहे. डावा काही केल्या आठवेना. तू माझ्या डावीकडे उभी राहायचीस, तो खांदा मला कधी दिसलाच नाही. म्हणून तो तसाच कोरा ठेवलाय.

तुझी आई. यापुढे हेच लिहीन.

२ जून

आई,

पार्सल आलं तेव्हा मी ते न उघडता पलंगाखाली ढकललं. पत्र मात्र त्याच दिवशी वाचलं.

काल उघडलं. खोलीत मोठा आरसा नाही, म्हणून कोट घालून प्रयोगशाळेत गेले. हात धुण्याच्या जागी दोन आरसे समोरासमोर आहेत, तिथे उभी राहिले. हात वर केला आणि तो पंख हलला. आई, काळ्यावरची ती पिवळी भुकटी तुम्ही कशी पेरलीत? मी घाणेरीपाशी रोज बसते, खरं फुलपाखरूसुद्धा मला इतकं जवळून दिसलेलं नाही. मी तिथे हात वरखाली करत उभी होते आणि मागे माणसं जमली होती. शेजारच्या टेबलाची मुलगी म्हणाली, 'अगं, हे अर्धंच आहे! दुसरा पंख विसरल्या की काय?' मी म्हटलं, नाही, माझं माप द्यायचं राहिलंय. आणि हे म्हणताना मला रडू आलं, सगळ्यांसमोर.

तुमची सही कोणी घेतली नाही हे खरं. माझीसुद्धा त्या कागदावर एकाच माणसापुरती होती. तुमचं नाव त्यात कुठेच नव्हतं, मी काल पुन्हा वाचून पाहिलं.

रविवारी येते. दुकान बंद असतं, माहीत आहे, घरीच येते. त्याला सांगून ठेवा, नाहीतर नका सांगू. जिन्यात कोणी विचारलं तर मी सांगेन, आईकडे चालले आहे.

फक्त एक ऐका. तुमचा हात फार जलद आहे, एका बैठकीत डावा पंख संपवून मोकळ्या व्हाल. तसं करू नका. थोडासा भरा आणि म्हणा, माप चुकलं, पुन्हा ये. पुढच्या वेळी ते उसवा. मी दर वेळी तुमच्यावर चिडेन, आणि दर वेळी येईन.